पहाटे कोण कोणाला उठवते? चकलांब्याच्या माळवदावरून मांजराचा इतिहास

गेवराई तालुक्याचा इतिहास सांगायला बसले की पाऊल आपोआप राक्षसभुवनाकडे वळते. १० ऑगस्ट १७६३. गोदावरीला पाणी चढलेले, निजाम स्वतः पैलतीरी उतरलेला, मागे राहिलेल्या फौजेसह दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर, आणि समोर अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव पेशवे. पुढची हकीकत या धाग्याच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आज आपण त्याच तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीकडे असलेल्या चकलांब्याला जाऊ. आजच्या हकिकतीत सेनापती नाही, तह नाही, तारीखही फारशी नाही. पहाटेचा अंधार आहे. माळवदावरून एक मांजर खाली उतरते, झोपलेल्या माणसाच्या उशाशी येऊन बसते, आधी घशातल्या घशात घुरघुरते, मग गालाला हळूच पंजा लावते, आणि तेवढ्यानेही काम झाले नाही तर छातीवर चढून बसते. घरात मांजर असलेल्या प्रत्येकाने हे सोसलेले आहे. प्रश्न एवढाच, की ही रीत किती जुनी? आपल्या पणजीलाही मांजर असेच उठवीत होते का?

माझे उत्तर आधीच सांगतो: बहुधा नाही. पणजी मांजराच्या आधी उठलेली असे. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी मांजर, उंदीर, धान्य, जाते आणि प्लेग या पाच गोष्टींमधून जावे लागेल. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

मांजर माणसाकडे आले ते धान्याच्या मागून. पश्चिम आशियात शेती स्थिरावली, कोठारे भरू लागली, कोठारांमागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ त्याच प्रदेशातल्या रानमांजरात असल्याचे दाखवून दिले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. त्या बेटावर मांजर मूळचे नव्हते. म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून नेले होते. इजिप्तमधल्या मांजरांच्या ममी आणि बास्तेत देवी सर्वांना ठाऊक असते. हिरोडोटसने लिहून ठेवलेली गोष्ट मात्र मला अधिक आवडते: तिथे घरातले मांजर आपल्या मरणाने मेले, की घरातली सगळी माणसे भुवया भादरून घेत.

आपल्या उपखंडातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एक वीट. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले, त्यात ती मिळाली. साडेचार हजार वर्षांपूर्वी ही वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर धावत गेले आणि पाठोपाठ एक कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे तसेच राहिले, वीट भाजली गेली. कुत्रा मांजराचा पाठलाग करीत होता, असा मॅके यांचा तर्क. मांजर निसटले की नाही, ते विटेला ठाऊक नाही. आपण निसटले असे धरून चालू.

आता शब्दाकडे. ‘मांजर’ हा शब्द प्राकृतातून संस्कृत ‘मार्जार’ शब्दापर्यंत पोचतो आणि ‘मार्जार’ शब्दाच्या मुळाशी पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाचा ‘मृज्’ धातू आहे. जे अंग चाटूनपुसून साफ ठेवते ते मार्जार. अमरकोशात त्याला ओतु आणि बिडाल ही नावे आहेतच, शिवाय ‘आखुभुज्’, म्हणजे उंदीर खाणारा, असे त्याच्या धंद्यावरून पडलेले नावही आहे. पाणिनीने जन्मवैरी प्राण्यांच्या जोडनावासाठी एक स्वतंत्र नियमच केला, आणि त्याचे उदाहरण देताना पुढच्या व्याकरणकारांना मांजर-उंदीर हीच जोडी सुचली.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. बीड जिल्ह्यात मांजरा नदी उगम पावते आणि बीडजवळच्या घाटात मांजरसुंबा हे गाव आहे. म्हणून हा जिल्हा फार पूर्वीपासून मांजरांचा, असा निष्कर्ष एखाद्या उत्साही मित्राने काढला तर त्याला थांबवा. नावातला ध्वनी हा इतिहासाचा पुरावा नव्हे. स्थळनामांच्या व्युत्पत्तीत जितक्या चांगल्या माणसांचे पाय घसरले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या विषयात घसरले असतील.

मांजराला राज्यव्यवस्थेत जागा मिळते ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. पूर, आग, रोगराई, दुष्काळ अशा संकटांबरोबर त्याने उंदरांचा उपद्रव हे राज्यावरचे संकट म्हणून गणले आहे आणि त्यावरचा पहिला उपाय मांजरे व मुंगसे सोडणे हा सांगितला आहे. त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पणांचा दंड आहे. आपले कुत्रे आवरून न धरणाऱ्यालाही तोच दंड. चन्हुदडोची वीट पुन्हा एकदा आठवावी असा हा नियम आहे. लाडाकोडाचा त्यात लवलेशही नाही. मांजर कामावर आहे, आणि कामावरच्याला इजा करणे हा गुन्हा आहे.

धर्मशास्त्रानेही मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितले. आपल्या खेड्यांत त्याचे रूप असे झाले, की हातून मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर वाहावे लागते. ज्याच्या घरात तांब्याचा पैसा टिकत नाही तो सोन्याचे मांजर कुठून आणणार? त्यामुळे मांजराच्या अंगावर हात टाकायला लोक कचरत. दुसरीकडे साहित्यात मांजराची प्रतिमा ढोंग्याची. महाभारतात, पंचतंत्रात, हितोपदेशात तपस्वी बनून भक्ष्याला फसवणारी मांजरे आहेत. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटात तर दोन पायांवर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्याभोवती विश्वासाने जमलेले उंदीर कोरलेलेच आहेत. मारायचे नाही आणि विश्वासही ठेवायचा नाही, असे हे नाते होते.

मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या मांजराला आणखी एक परंपरा लाभली. प्रेषितांचे एक सहकारी अबू हुरैरा यांचे नावच ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’ अशा अर्थाचे. दुसरे सहकारी अबू कतादा यांनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजराला पिता यावे म्हणून तिरके धरले आणि मांजर अपवित्र नाही, ते घरात आपल्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकीच एक आहे, हे प्रेषितांचे मत सांगितले, अशी हदीस आहे. रमजानात सहरीसाठी घर अंधारात उठते, चूल पेटते आणि मांजर ताटाशी येऊन बसते. गावातल्या दोन्ही आळ्यांतून मांजर सारख्याच अधिकाराने हिंडते, त्यामागे असे दोन वेगवेगळे आधार आहेत.

एवढी पूर्वपीठिका पुरे. आता घरात शिरू.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे सपाट माळवद. चूल आत, धूर जायला माळवदाला भोक. मांजराच्या दृष्टीने याहून सोयीची वास्तू नाही. सबंध आळीची माळवदे एकमेकांना लागून असतात, त्यामुळे जमिनीवर पाय न ठेवता ते या घरातून त्या घरात जाऊ शकते. घरात धान्य ठेवायच्या जागा तीन: भिंतीतच काढलेले बळद, शेणामातीने लिंपलेली कणगी आणि जमिनीखालचे पेव. ज्वारी-बाजरीचे वर्षभराचे दाणे यांत असत. दुष्काळी मुलखात बळदातल्या ज्वारीचा अर्थ काय, हे १९७२ साली मिलोची ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीला विचारावे. उंदराने खाल्लेला प्रत्येक दाणा हा माणसाच्या तोंडचा होता. म्हणून मांजराला घरात शिरकाव होता, पोट भरण्याची जबाबदारी मात्र त्याची त्यालाच होती. पोटभर खायला घातलेले मांजर उंदीर धरीत नाही, हा समज घरोघर पक्का असे. धार काढल्यावर करटीत ओतलेले घोटभर दूध, ताकात कुस्करलेला भाकरीचा तुकडा, इतकीच त्याची तैनात. बाकीचे दूध शिंक्यावर टांगलेले. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण त्याच घरातून आलेली आहे.

आणि या घराची पहाट? ती जात्यापासून सुरू होत असे.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सगळा धागा त्यावर उभा आहे. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही, कडू पडते. म्हणून दळण रोजचे. घरात आठ-दहा खाणारी तोंडे असली तर दोन-तीन पायल्या दळायला जो वेळ लागे तो दिवसाच्या कामातून निघणे शक्य नव्हते. तेव्हा बाई कोंबड्याच्या पहिल्या बांगेला, किंवा शुक्राची चांदणी वर आली की उठे. जात्याचा खुंटा धरी आणि ओवी म्हणू लागे. एकटीने दळणे जड, म्हणून समोर जाऊ किंवा नणंद बसे. घरातले पुरुष त्या घरघरीतच झोपलेले असत. लहान मूल मांडीवर.

या ओव्या आपल्याला ऐकायला मिळतात त्याचे श्रेय हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांना. पुण्याच्या त्यांच्या संस्थेने महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे ‘पारी’ने २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या. या संग्रहात आपल्या बीड जिल्ह्याचाही मोठा वाटा आहे. माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या नसतील त्यांनी जरूर ऐकाव्यात. माहेर, भाऊ, पंढरी, सासूचा जाच, भीमराव, सगळे त्या अंधारात दळले गेले.

मांजर या चित्रात कुठे आहे? जात्यापाशी. दळणाऱ्या बाईच्या अंगाची ऊब, चुलीतल्या राखेची ऊब, आणि सांडलेल्या दाण्याकडे डोळा ठेवून येणारा उंदीर. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळत असताना मांजराने उशाशी जाऊन कोणाला उठवावे? ज्या माणसाच्या हातून त्याला काही मिळण्याची आशा होती ते माणूस आधीच जागे होते. मांजराने केव्हा यायचे ते जाते ठरवी आणि केव्हा ओरडायचे ते धारेचे भांडे ठरवी. गावात पहाटे उठवणारे दुसरेही पुष्कळ होते. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव होता, देवळातली काकडआरती होती, मशिदीतली अजान होती, भूपाळ्या होत्या. भूपाळ्यांतून गाई-वासरे आणि पाखरे भेटतात. धन्याला उठवणारे मांजर मला तरी अजून भेटलेले नाही. कोणाच्या संग्रही असल्यास अवश्य कळवावे.

आता जात्याजवळच्या याच मांजरावर एका सरकारी डॉक्टरची नजर कशी गेली ते पाहू. इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत फारशी येत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढची पाने सर्वांना परिचित आहेत: जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांची लस, १० मार्चला रुग्णसेवा करता करता प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई, २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर झाडलेली गोळी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे जावी लागली. तोवर घरे रिकामी करणे, सामान जाळणे, भिंतींना चुना लावणे, उंदरांना विष घालणे, सगळे करून झाले.

वऱ्हाडात अमरावतीला तेव्हा लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन हे भारतीय वैद्यकीय सेवेतले अधिकारी होते. त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. गावोगाव मांजरांची शिरगणती करवली. कोणत्या गावात किती घरे, त्यांपैकी किती घरांत मांजर, आणि त्या गावात प्लेग झाला की नाही, हे ताडून पाहिले. त्यांना असे आढळले, की जिथे निम्म्या किंवा त्याहून अधिक घरांत मांजर आहे ती गावे प्लेगपासून वाचली आहेत. १९०८ साली त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले आणि प्लेग टाळायचा तर मांजरे पाळा, असे सुचवले. विष घातलेले उंदीर भिंतीत मरून कुजतात, त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळतात. मांजर घरात असले तर उंदीर मुळात वस्तीलाच राहत नाही. त्यांचा युक्तिवाद साधारण या वळणाचा होता.

विचार करून पाहा. कौटिल्याने उंदरांच्या संकटावर सांगितलेला उपाय दोन हजार वर्षांनंतर वऱ्हाडातल्या गावांत आकडे मोजून पुन्हा मांडला गेला. आणि ज्या समजुतींना शहरी सुशिक्षित हसत होते, ते सोन्याच्या मांजराचे भय, तेच गावांत मांजरे टिकून राहण्याचे एक कारण होते.

ब्युकॅनन बरोबर होते का? अर्धे. ज्या गावात मांजरे अधिक तिथे प्लेग कमी, एवढ्यावरून मांजरामुळेच प्लेग कमी, असे ठरत नाही. ज्या गावात मांजरे अधिक तिथे दुभतीही अधिक, म्हणजे गाव खातेपिते असेल, घरे मोकळी असतील. कारणे अनेक असू शकतात. शिवाय पुढे हे स्पष्ट झाले, की मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि आजारी मांजराकडून तो माणसालाही होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. तरीही मला या माणसाचे कौतुक वाटते. त्या काळात प्लेगच्या नावाखाली घरात घुसून माणसांना बाहेर ओढणारे अधिकारी पुष्कळ झाले. चुलीपाशी बसलेल्या मांजराकडे पाहून गावकऱ्यांचे काही बरोबर असेल का, असे विचारणारे फार थोडे.

जाते मात्र प्लेगने थांबवले नाही. ते थांबले गिरणीने. आधी तेलावरचे इंजिन, मग वीज, आणि गावागावांतून पिठाच्या गिरणीचा भोंगा वाजू लागला. ही क्रांती कोणत्याही सनावळीत नोंदलेली नाही, पण मराठवाड्यातल्या बाईच्या आयुष्यात तिच्याएवढा बदल क्वचितच दुसऱ्या कशाने घडवला असेल. तिला पहाटेचे दोन तास परत मिळाले. ओव्या कमी झाल्या याची हळहळ आपण जरूर करावी, पण ती हळहळ जाते न ओढलेल्या माणसाने जपूनच करावी.

बळदे बुजली, कणग्या माळ्यावर गेल्या, धान्य पोत्यांत आणि पत्र्याच्या कोठ्यांत आले. मांजराचे काम गेले. ते घरात राहिले ते लळ्यामुळे आणि सवयीमुळे. आणि आता, बहुधा पहिल्यांदाच, असे झाले की मांजराच्या जागे होण्याच्या वेळी घरातले माणूस झोपलेले आहे.

मांजर निसर्गतः संधिकाळी हिंडणारे जनावर आहे. पहाट आणि दिवेलागण या त्याच्या शिकारीच्या वेळा. त्याच्या शरीरातले घड्याळ उजेडावर लागते. त्याखेरीज रोज ठरावीक वेळी अन्न मिळाले तर त्या वेळेच्या थोडे आधीच शरीर तयारीला लागते, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून गेल्या शतकात चांगले सिद्ध झाले आहे. आपण सकाळी उठलो की पहिले काम म्हणून मांजराला दूध घालतो. मांजर यातून एवढेच शिकते, की माणूस उठले की दूध येते. मग ते माणसाला उठवते. त्याच्या बाजूने हिशेब अगदी चोख आहे.

या उठवण्याचा आवाजही तपासला गेला आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकॉम्ब यांना त्यांचे पेपो नावाचे मांजर रोज पहाटे चिवट घुरघुर करून उठवीत असे. त्या चिडल्या आणि मग, संशोधक असल्यामुळे, त्यांनी त्यावर अभ्यास केला. दहा मांजरांची घुरघुर ध्वनिमुद्रित करून त्यांनी ती पन्नास माणसांना ऐकवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अन्न मागतानाची घुरघुर साध्या घुरघुरीसारखीच खालच्या पट्टीत असते, पण तिच्या आत एक उंच स्वर दडलेला असतो, सेकंदाला २२० ते ५२० कंपनांचा. तान्ह्या बाळाच्या रडण्याचा स्वर ३०० ते ६०० कंपनांचा. मांजर न पाळणाऱ्या माणसांनाही ही घुरघुर अधिक निकडीची आणि कमी सुखद वाटली.

बाळाच्या रडण्याचा उल्लेख आला की आपल्याकडे सटवाई आठवते. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री त्याच्या कपाळी लेख लिहिणारी ही देवी म्हणजेच षष्ठी, आणि षष्ठीचे वाहन मांजर. बंगालात तिचे हे रूप विशेष प्रसिद्ध आहे. तिथल्या व्रतकथेत घरची सून स्वतः खाल्लेल्या पदार्थांचा आळ मांजरावर घालते आणि त्यापायी आपली लेकरे गमावून बसते. मांजर आणि तान्हे बाळ यांची सांगड ज्या कोणी प्रथम घातली, त्याच्याकडे कंपने मोजायचे यंत्र नव्हते. कान मात्र होता.

आणखी एक गंमत घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली; मुंबईने मात्र आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ही प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि चकलांब्याचा पट्टा साधारण साडेपंच्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे चालतो. त्यातून इथे जूनच्या आरंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या पुढे. मांजर सूर्याचे आहे, आपण भिंतीवरच्या घड्याळाचे. उन्हाळ्यात मांजर ‘लवकर’ उठवते अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोषी कोण, हे ज्याने त्याने ठरवावे. चीनमध्ये लोक मांजराच्या बाहुल्यांच्या आकारावरून वेळ सांगतात, असे फ्रेंच मिशनरी ह्यूक याने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले होते. दुपार जवळ येईल तशी बाहुली बारीक होत जाते, एवढे त्यात खरे आहेच.

येथपर्यंतची गोष्ट पुण्या-मुंबईच्या सदनिकेतल्या मांजरालाही लागू पडते. चकलांब्याची गोष्ट इथे थोडी वेगळी होते, आणि ती सांगितल्याशिवाय धागा संपवणे बरे नाही.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबात ‘कोयता’ म्हणतात, ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये किंवा बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. पाच-सहा महिने घराला कुलूप. बैल जातात, शेळी जाते, कोंबड्या जातात, बहुधा कुत्राही मागोमाग जातो. मांजर जात नाही. कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे लोक म्हणतात, आणि गाडी भरताना ते दिसून येते. मांजर माळवदावर बसून पाहत असते.

तिकडे कारखान्याच्या तळावर, कोपीत, बाई पहाटे तीन-चारलाच उठते. भाकरी थापते, मूल काखेत घेते आणि अंधारात फडाकडे चालू लागते. गिरणीने तिला परत दिलेले ते पहाटेचे दोन तास उसाने पुन्हा घेतले. ओवी मात्र परत आलेली नाही. फडात तिच्यासाठी वेळ नाही, आणि समोर बसायला जाऊही नाही.

इकडे गावात मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. कुलूप लागलेल्या घरांची मांजरे हळूहळू जाग असलेल्या घरांकडे सरकतात. माळवदे एकमेकांना लागून असल्याचा तेव्हा उपयोग होतो. म्हणून हंगामात एकाच म्हातारीच्या दारात तीन-तीन, चार-चार मांजरे दिसतात, आणि त्यातले आपले कोणते नि शेजारचे कोणते हे तीही सांगत नाही. दूध तेवढे नसते. चहासाठी आणलेल्या पुड्यातले थोडे, त्यात पाणी, त्यात कालची भाकरी.

वैशाखाच्या उन्हात कोयते परततात, कुलपे निघतात, झाडलोट होते. दोन-चार दिवसांत काही मांजरे आपापल्या जुन्या उंबऱ्यावर येऊन बसतात. काही येत नाहीत. म्हातारीला विचारले, ही तुम्हाला पहाटे उठवतात का हो? तर ती हसते. तिला झोप कुठे असते. तीच अंधारात दार उघडून त्यांना हाक मारते.